कांद्यावर टांगलेलं लॉकेट

१२ ऑगस्ट
आन् वर मलाच म्हणती, मावशी घाबरू नका. घाबरतंय कोण? काखेजवळ हरभऱ्याएवढी गाठ, तर दौंडची डॉक्टरीण म्हणती मशीनमधी छातीचा फोटो काढा. रेडिएशन नको म्हणून मी ग्रामसभेत भांडून मोबाईलचा टॉवर घालवला. रेंज न्हाई म्हणून पोरं अजून शिव्या देत्यात. आन् तेच रेडिएशन मी अंगावर घेऊ? जाणार न्हाई. मालकांना सांगणार न्हाई. गाठ जाईल आपली आपण.

१५ ऑगस्ट, झेंडावंदनानंतर
यवतच्या नणंदेनं, सुलक्षणानं, लॉकेट दिलं. काळा दगड. म्हणती, वहिनी, यात थोडंसंच रेडिएशन हाय. जास्त वाईट, थोडं चांगलं, अंगाला ताकद येती. पटलं. मिरचीसारखंच की. चिमूटभर चव, मूठभर बोंब. टॉवरचं वाईट, सुलक्षणाचं चांगलं.

१९ ऑगस्ट
कालव्याच्या भरावावर चढून डॉक्टरणीला फोन केला. घरात रेंज कुठंय. म्हणली, थोड्या रेडिएशनचा फायदा हाय का न्हाई, यावर शास्त्रज्ञांचाच वाद चाललाय. पण दगड गळ्यात घालून गाठ जाती असं कुणीच म्हणत न्हाई. फोटोतबी थोडंच असतं, पण आतलं दिसतं. कवा येताय? मी म्हणलं, आवाज येत न्हाई. ठेवला.
वाद हाय म्हंजी अर्धं खरं. अर्धं आपल्याला बास.

२२ ऑगस्ट
दगड अस्सल हाय का बघते. कांद्याला रेडिएशन मारलं की कोंब येत न्हाई, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं. कांदे साठवायच्या चाळीत, कोपऱ्यातल्या कांद्यावर लॉकेट टांगलं. मालक म्हणले, हे काय? म्हणलं, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणले, मग बिब्बा बांध की, दागिना कशाला!

४ सप्टेंबर
लॉकेटखालचेच कांदे आधी कोंबाळले. जरा वाईट वाटलं. मग उजेड पडला. कोंब म्हंजी ताकद! सुलक्षणा खरं बोलली. लॉकेट परत गळ्यात.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
भाकरी थापता थापता हात थांबला.
कांद्याला ताकद दिली. मग गाठीला?
भाकरी करपली. लॉकेट काढून चाळीमागं भिरकावलं. गाठ चाचपली. हरभरा न्हाई ऱ्हायला. बोर झालंय.

८ सप्टेंबर
मालकांना सांगितलं. म्हणले, टॉवर घालवायला सारा गाव गोळा केलास, आन् ह्याला एकटी बसलीस व्हय? गाडी काढली, दौंडला नेलं.
मशीननं दाबलं. खंडोबाचं नाव पुरं घ्यायच्या आत झालंसुद्धा. एवढ्यासाठी महिना घालवला.
डॉक्टरणीचं तोंड वाचता येईना. म्हणली, रिपोर्ट शुक्रवारी येईल, आला की घरी फोन करते.
घरी? घरी कसा लागंल? टॉवर मीच घालवलाय.
डॉक्टरीणबाई, मी शुक्रवारी सकाळपासनं भरावावर बसते, फोन हातात धरून. घाबरू नका म्हणू नका. गाठ कसली हाय तेवढं सांगा. शुक्रवारीच सांगा.