तेरवीची पंगत घरकुलातच बसवावी

लिहून ठेवणार मी, जानराव महादेव गावंडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे व त्यावर बोलणे, राहणार टेकाडखेड, आसेगावजवळ, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी तुळसाबाई हिचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण असलेच तर डोक्यावरच्या स्लॅबचे आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

कलम १. माझे दोन्ही भोंगे, मशीन, माइक आणि तीनचाकी माझा मुलगा हरीओम याला द्यावी. या भोंग्यांतून मी सर्व पक्षांचा प्रचार केला. सकाळी एकाचा, दुपारी त्याच्या विरोधकाचा. प्रत्येक गरिबाला पक्के घर मिळणार, हे मी सगळ्यांच्या वतीने सारख्याच जोमाने सांगितले. आवाज माझा, वचन त्यांचे. घरकुलांच्या चाव्या वाटल्या त्या दिवशी सरपंच गोविंदसिंग याच माइकवर म्हणाले होते, "ह्या घराईची जबाबदारी माह्यी." सगळ्या गावाने ऐकले. टाळ्याही वाजवल्या. मशीनचा आवाज त्या दिवशी मी मुद्दाम वाढवला होता.

कलम २. माझी शेरवानी, जी मी सभेत सूत्रसंचालन करताना घालतो, ती माझा साळा राजू याला अजिबात देऊ नये. त्याने ती एकदा लग्नात नेली आणि वरणासकट परत आणली. माझ्या मागे तो मागायला येईलच. त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

कलम ३. सरकारी योजनेतून मिळालेले घरकुल, एक खोली, एक स्वयंपाकघर, तुळसाबाई हिच्या नावे करावे व तिच्या मागे हरीओमच्या. मात्र त्यात मधोमध उभी असलेली सागाची बल्ली माझी नाही. ती मंडपवाल्या राजपालची आहे. स्लॅबला पोट सुटले तेव्हा टेकू म्हणून गावातले पुढचे लग्न येईपर्यंत मागून आणली होती. लग्न झाले, नवरीला दोन लेकरे झाली, बल्ली इथेच आहे. तुळसाबाईने तिला देवाची तसबीर टांगली, दोरी बांधून कपडे वाळत घातले आणि आता हळदीकुंकूही लावते. देव आपल्याला धरून आहे असे लोक म्हणतात. आमच्याकडे देवालासुद्धा बल्लीनेच धरले आहे.

आमची सगळी घरे सरपंचांच्या मेहुण्याने एकाच ठेक्यात बांधली. मी तक्रार घेऊन फिरलो. मेहुणे म्हणाले, रेती खराब होती. रेतीवाला म्हणाला, सिमेंट कमी पडले. इंजिनिअर साहेब म्हणाले, कागदावर घर पूर्ण आहे, फोटोही आहे. फोटो खरा आहे, त्यात मी हसतो आहे. आमदार साहेब म्हणाले की योजना वरून येते. अशी जबाबदारी वर वर जात राहिली आणि स्लॅब तेवढा खाली येत राहिला.

कलम ४. हे कलम हसण्यावारी नेऊ नये. माझी सून वैजयंती बाळंतपणाला शिरपूर जैनला माहेरी गेली, ती अजून आली नाही. मी स्वतः घ्यायला गेलो होतो. तिने मला जेवू घातले, आहेर केला आणि मग डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "मामाजी, मी येतो. पन माह्यी रेणू त्या स्लॅबखाली निजनार नाई." आयुष्यभर माइकवर बोललेला माणूस मी, आहेराची पिशवी घेऊन एकटाच बसने परत आलो. नात मी मांडीवर एकदाच घेतली आहे. मला फार वाईट वाटते, हे इथे लिहून ठेवतो.

कलम ५. सबब, माझी तेरवी पुढीलप्रमाणे करावी. आमच्या भागात पुढारी लग्नाला चुकेल, तेरवीला चुकत नाही. तेव्हा सरपंच, त्यांचे मेहुणे, इंजिनिअर साहेब आणि आमदार साहेब यांना मानाने घरात बसवावे, अंगणात नव्हे. पंगतीला जागा व्हावी म्हणून बल्ली काढून राजपालला परत द्यावी. वाढपी घाईचा नसावा. भात झाल्यावर बुंदीचा आग्रह करावा व कोणालाही अर्धपोटी उठू देऊ नये.

मृत्युपत्र गुपचूप ठेवायचे असते, असे वकील म्हणाले. पण माझा धंदा भोंग्याचा. गावात कोणी गेले की निरोप मीच फिरवतो, मग माझा कोण फिरवणार? म्हणून कलम ५ मी तीनचाकीवरून गावभर वाचून टाकले. लोकांनी "जानराव गावंडे यांची तेरवी" एवढेच ऐकले. घंटाभरात दारात सरणाची लाकडे येऊन पडली. शेजारची सुंदरबाई वेशीपासून रडत आली आणि मला चहा पिताना पाहून इतकी रागावली की अजून बोलत नाही. सांगणारा आवाज माझाच होता, हे एकाच्याही ध्यानात आले नाही. वर्षानुवर्षे मेलेल्यांची खबर माझ्याच तोंडून ऐकायची सवय, दुसरे काय.

कलम पूर्ण ऐकले ते फक्त सरपंचांनी. दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रकृतीला जे बरे दिवस आले, ते तरुणपणीही नव्हते. सरपंचांकडून रोज म्हशीचे दूध येते. मेहुणे रक्तदाब तपासायला स्वतःच्या गाडीतून नेतात. इंजिनिअर साहेबांनी च्यवनप्राश पाठवले. मी खोकलो तरी ग्रामपंचायतीत धावपळ होते. माझ्या जिवाएवढी काळजी सरकारने स्लॅबची केली असती तर मला हे लिहावे लागले नसते.

काल सरपंच कलम ५ खोडायला सांगायला आले. मी म्हटले, खोडतो, तुम्ही बल्ली काढून आत बसा आणि एक कप चहा घ्या. ते उंबऱ्यापर्यंत आले, वर पाहिले आणि म्हणाले, "काका, आत कायले बसाचं? भायेर बरी हवा हाये." तुळसाबाईने खाट अंगणात टाकली. चहा त्यांनी तिथे घेतला, दोन कप.

जाताना म्हणाले, "काका, अजून धा वर्षं काढा."

मी म्हटले, "मी त काढतो बावा. तू स्लॅबले इचार."

कलम ६. माझ्या हयातीत हा स्लॅब पाडून नवा घातला, आणि सरपंच त्याखाली बसून पोटभर जेवले, तर कलम ५ रद्द समजावे. त्या दिवशी बल्ली राजपालला वाजतगाजत पोचवावी आणि नव्या स्लॅबच्या कडीला रेणूचा पाळणा बांधावा. रेणू घरी आल्याची वर्दी मीच भोंग्यावरून देईन. तोवर मला मरायला सवड नाही. दूध चालू ठेवावे.

वरील मजकूर मी वाचला, तुळसाबाईला वाचून दाखवला. तिने शेरवानीचे कलम काढायला सांगितले. ते काढलेले नाही.

ठिकाण: टेकाडखेड, घरकुलात, बल्लीला टेकून.
तारीख: १२ फेब्रुवारी २०२५

सही: जानराव महादेव गावंडे

साक्षीदार:

१. राजपाल, मंडपवाले. सही घरात, स्वतःच्या बल्लीला हात लावून केली.

२. गोविंदसिंग, सरपंच. आपणहून साक्षीदार झाले. घर मजबूत असल्याचे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. सही अंगणात, लिंबाखाली घेतली.