खणावरची तीन माणसं

२९ सप्टेंबर

गौरव्वा, तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला उतरला का? सूनबाईला सातवा लागला असेल, तिला कळशी उचलू देऊ नकोस. आणि म्हैस व्याली का? तू म्हणालीस, अण्णा, रोज चार ओळी लिही, म्हणून ही वही. भरली की पोस्टात टाकीन.

गुळेदगुड्डला सुखरूप पोचलो. विणकर सोसायटीचे सेक्रेटरी बसलिंगप्पा यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही असं पोटभर वाढलं. जन्मभर रेडिओ उघडून शिकलेल्या मला इथे ‘इंजिनिअर साहेब’ म्हणतात! काम एवढंच: खणाचे नमुने काढायचा कॉम्प्युटर फार जुना झालाय. त्यात नवी सिस्टीम टाकायची की आहे तीच राखायची, हे मी ठरवायचं. टाकली तर जुने नमुने उघडतील याची खात्री नाही. न टाकली तर यंत्र कधीतरी बसेल आणि चाळीस माग थांबतील.

३० सप्टेंबर

सगळे नमुने कोट्रप्पा नावाच्या कारागिराचे. दोन वर्षांपूर्वी तो कॉम्प्युटरसमोरच्या याच खुर्चीवर वारला. नमुने कसले सुरेख, गं! एक मात्र विचित्र. रिकामी खुर्ची आणि मागे उभी दोन माणसं. खणावर माणसं कोण काढतं?

बसलिंगप्पा म्हणाले, तुमच्याआधी याच कामाला दोघे आले होते, न सांगता निघून गेले, त्यांचीच चेष्टा असेल. दोघांच्या चपला अजून दाराशी आहेत. अनवाणी गेले?

२ ऑक्टोबर

त्या नमुन्यात आज तिसरा माणूस आहे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्यासारखी.

माझा संशय निंगव्वावर. ती या नमुन्यांवरून मागाचे पत्ते पाडते, छिद्रं मारून. नवी सिस्टीम आली की पत्ते पाडायचं यंत्रही नवं येणार, म्हणजे हिचं काम गेलं. तोंडावर विचारलं. ती खो-खो हसली. म्हणाली, अज्जा, काढायचाच असता तर देखणा नसता का काढला?

मीही हसलो. पण नमुन्याच्या ओळी मोजून ठेवल्या. तीनशे बारा.

५ ऑक्टोबर, आयुधपूजा

आज कुणी हत्याराला हात लावत नाही. काल मीच कॉम्प्युटरची वायर काढली, प्रत्येक बटणावर कुंकू लावलं, झेंडू वाहिला, कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

दुपारी प्रसाद ठेवायला गेलो. बटणांवरचं कुंकू पुसलेलं. यंत्र गरम. वायर तशीच बाहेर पडलेली.

बाहेर आलो तर निंगव्वा म्हणाली, अज्जा, पाठीला काय लागलंय? सदऱ्यावर, खांद्यामागे, कुंकवाची पाच बोटं. ती तर सकाळपासून देवळात होती. सगळ्यांनी पाहिलंय.

६ ऑक्टोबर

तीनशे चाळीस ओळी. तिसऱ्याचं तोंड उघडं.

ठरवलं. बाकीचे नमुने दुसऱ्या डिस्कवर घेतले, तो एक सोडून. जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली. नमुने उघडले, एकूण एक. बसलिंगप्पांनी पेढा भरवला. माग वाचले. जीव हलका झाला.

७ ऑक्टोबर

नऊ नंबरच्या मागावर तो पुसलेला नमुना विणला जातोय.

इथली रीतच अशी. यंत्रात नमुना दिसला की तो कुणीतरी मागितलेलाच. विचारायचं नाही, पत्ते पाडायचे. निंगव्वाने पूजेच्या आधीच पाडले होते. टोकाला टोक शिवून माळ चढवली. रडते आहे बिचारी.

माळ फिरते तेव्हा तेच पत्ते पुन्हा येतात. चित्रही तेच यायला हवं. पहिल्या फेरीत खुर्ची रिकामी. दुसऱ्या फेरीत तिसरा माणूस खुर्चीत. तिसऱ्या फेरीत त्या दोघांचे हात त्याच्या—

पत्ते जाळा म्हणालो. जाळले.

८ ऑक्टोबर

पत्ते नाहीत. विणकर पळाला. माग चालूच.

निंगव्वाला घरी पाठवलं. ती म्हणाली, अज्जा, तुम्हीही चला. खुर्चीतून उठवत नाही— खांदे जड—

आता कळलं. तो नमुना त्या दोघांना पडद्यात धरून होता. मेलेला कोट्रप्पाच रोज ओळी वाढवत होता, कुंपण घालावं तशा. मला बोलावत नव्हता, सावध करत होता— आणि मी ते कुंपणच पुसलं—

गौरव्वा, इकडे कुणाला पाठवू नकोस. पण उत्तर लवकर लिही, दोन ओळी पुरेत. पाकिटावर माझं नाव पूर्ण घाल, ठळक. पोस्टमनने दाराशी मोठ्याने हाक मारली तर कदाचित मला अजून उठून—