डाव्या खांद्याची रायफल

भोर, ता. ११ जानेवारी १९३७

कुंडलिक यास सावळारामाचा रामराम.

तुझ्या लग्नानंतरचं हे माझं पहिलं पत्र. टपालाचा भरवसा नाही म्हणून गेनूच्या हाती देतो आहे. आई बरी आहे. थंडीनं तिचे गुडघे तेवढे धरलेत. परवा बाजारपेठेत प्रजेच्या हक्कांवर बोललो. भाषण संपलं तरी लोक उठायला तयार नव्हते. तुझा भाता चालतो ना? बिबट्यानं मरण्याआधी शेळ्या किती नेल्या? बाकी घरची मंडळी सुखरूप असतील.

आता कामाचं. बिबट्या गोळीनं मेला त्या जागी झुडपात तुमच्या हिर्डोशीच्या सोनबा पाटलांना जी रायफल सापडली, ती इथे कचेरीत आली आहे. नळीवर नाव नाही, आकडा नाही, कारखान्याचा शिक्का नाही. काडतुसाच्या मध्याऐवजी कडेवर ठोका देणारी जुनी तऱ्हा. विलायती बंदुकांची सूचीपत्रं वाचणारा भोरात मी एकटा, म्हणून फौजदारांनी बोलावलं.

"भाषणं फार ठोकता सावळाराम," ते म्हणाले, "आता ही कुणी ठोकली ते सांगा. विनापरवाना हत्यार घडवणारा मला आत हवा."

रायफल हातात घेतली आणि तुझा राग आला. नळी कुठल्याशा भंगारातली. बाकी सारं नव्यानं घडवून तेला-धुरानं तिच्या रंगाला आणलेलं. सांध्यात नख शिरत नाही. पुण्याला लष्करातल्या दुकानात तू बंदुका दुरुस्त करायचास, तेव्हा मी तुला हसत असे. आता मात्र हसू आलं नाही. काडतूस चढवायच्या खटक्याची मूठ डावीकडे होती. खांद्याला लावायचा दस्ता आखूड, आणि गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला.

रायफल घेऊन आलेल्या पाटलांच्याही ते ध्यानात आलं. "डावखुऱ्याची हाय जनू."

"हिर्डोशीत डावखुरा कोण?" फौजदारांनी विचारलं.

पाटलांनी एकेक घर आठवून पाहिलं. "बापयांत तर कोन न्हाई, साहेब."

बायांचं कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पंगतीत वाढताना डावा हात पुढे आला की धोंडामामी रतनच्या बोटांवर उलथनं मारायची, ते मी पाहिलं आहे. मामाची मुलगी, ती माझीच, असं सारं गाव धरून चाललं होतं, मीही. "सावळा, तू घरात बी सभाच भरवशील," असं म्हणून तिनं तुझ्या घराची वाट धरली. स्त्रीच्या मुक्तीवर मी किती वाचलं, किती गर्जलो! पण ज्या हाताला सगळ्यांनी मारलं, त्या हाताच्या मापाची एखादी वस्तू करावी, हे मला सुचलं नाही. तुला सुचलं. तू तिच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं असशील. ती हसली असेल. डोळे मिटले तरी मला ते दिसतं.

उद्या माझी जबानी. तुझं नाव जिभेवर येऊन बसलं होतं, हे तुला कळलंच पाहिजे. एक शब्द, आणि तू गजांआड. मग ती माझ्या आईच्या, तिच्या आत्याच्या, आसऱ्याला येईल, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं.

मी सांगणार ते असं: ही बेल्जममध्ये घडली, कुणा डावखुऱ्या साहेबानं खास मागवली आणि शिकारीत हरवली. असं ठासून सांगेन की फौजदारांना तो साहेब समोर दिसू लागेल.

याला औदार्य समजू नकोस. तू तुरुंगात गेलास तर सारं संस्थान म्हणेल, काय हात आहे गड्याचा! ती तर म्हणेलच. ते मला ऐकवणार नाही. तुझ्या हातून झालेलं सर्वांत सुंदर काम मी उद्या परक्या माणसाच्या नावावर करणार, आणि तू तोंड उघडायचं नाहीस.

पत्र चुलीत घाल. रतनला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझं नाव कुणाला कळू न देणारा,
सावळाराम