एका संध्याकाळपुरती नेलेली क्लॅरिनेट

मी, काळुराम हिरू घरत, वय सत्त्याहत्तर, राहणार पेण, शिक्षण सहावी नापास, धंदा फुंकणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहीत आहे. तसा डॉ. सुश्रुत यांचा दाखला जोडला आहे. दाखल्याच्या दोन प्रती आहेत, कारण एक हरवणार याची मला खात्री आहे.

१. घर नितेश आणि मृणाली या माझ्या मुलांना निम्मे निम्मे. पत्नी इंदुबाई हयात असेपर्यंत तिथेच राहील आणि दोघांनी तिचे ऐकावे. मी पन्नास वर्षे नुसते ऐकून घेतले.

२. दोन्ही सॅक्सोफोन व बासरी मृणालीस. तिला वाजवता येत नाही, पण ती पुसून ठेवील. बॅन्डचा लाल कोट नितेशला. त्याची बटणे पितळेची नाहीत, हे आधीच सांगतो.

३. (खोडले आहे. कारण खाली.)

४. मागच्या मसुद्यात कलम ३ मध्ये मी लिहिले होते, "क्लॅरिनेट व माझ्या सर्व पत्त्या रोह्याच्या नूरमहंमदास." नितेशने धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर ते वाचले आणि ओरडला, "बाबा, त्याच्याबरोबर तुमची धंद्यात पत्ती हाय नि आमाला ठाव नाय?"

इंदुबाई म्हणाली, "ह्यांना चहाची पत्ती कुठल्या डब्यात हाय ते ठाव नाय, धंद्यात कसली पत्ती!"

खुलासा असा की वाद्याच्या तोंडाशी बांधतात त्या वेताच्या पातळ चिपेला आम्ही वाजवणारे पत्ती म्हणतो. ती थरथरली की सूर निघतो. मी नेहमीच थरथरतो, काही निघत नाही.

पण मला हसू आले नाही. पोरगा चुकून खरे बोलला होता, माझ्या धंद्यात नूरची पत्ती होतीच.

५. सन १९७१. नूर आणि मी पेणच्या एकाच बॅन्डात होतो. मुंबईच्या एका हॉटेलातल्या जॅझ बॅन्डने नूरला घेतले. पहिल्याच दिवशी त्याला ताप भरला. त्याची क्लॅरिनेट घेऊन एका संध्याकाळपुरता मी गेलो. तिथले बॅन्डमास्तर म्हणाले, उद्याही ये. मी गेलो. नूरचे नाव काढले नाही. तो कुवेतला लॉरी चालवायला गेला. मला हॉटेलच्या पाटीवर "कार्ल" केले, काळुराम तिथे शोभत नव्हता.

पुढे लोक मला चार वाद्यांचा अष्टपैलू वादक म्हणू लागले. खरी गोष्ट अशी की क्लॅरिनेट तोंडाला लावली की नूर आठवे, म्हणून मी आल्टो सॅक्सोफोन शिकलो. तरी आठवे, म्हणून टेनर. मग बासरी. पुढे हॉटेलांनी बॅन्ड बंद केले, नाहीतर सनईपर्यंत पोचलो असतो.

६. या सगळ्याला साक्षीदार नूरच हवा होता. वकील आसावरीताई म्हणाल्या, "काका, ज्याला वस्तू देताय त्यालाच साक्षीदार करू नका. उगाच भानगड होईल." आठ दिवस मला झोप नाही. प्रेशरची गोळी एका दिवशी चुकून दोनदा घेतली गेली.

शेवटी इंदुबाई म्हणाली, "मेल्यावर देन्यापरीस आताच नेऊन द्या की. रोहा काय कुवेतला हाय?"

हे कलम नूरच्या ओटीवर बसून लिहीत आहे. तो दारात बघत उभा राहिला आणि म्हणाला, "लय लांबली रे काळू, तुझी संध्याकाळ."

मी पेटी पुढे केली. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावली. बदक दाबल्यासारखा आवाज निघाला. त्याची सून उजमा आतून धावत आली. आम्ही दोघे म्हातारे हसलो, मग मला हसता येईना.

आता वस्तू त्याची त्याला पोचली, म्हणून कलम ३ रद्द. नूर साक्षीदार व्हायला मोकळा.

ठिकाण : ~~पेण~~ रोहा
दिनांक : १२ जानेवारी २०२५
सही : काळुराम हिरू घरत

साक्षीदार :
१. उजमा नावेद करजीकर, रोहा
२. नूरमहंमद करजीकर, रोहा. काळूने माझ्यासमोर सही केली. सही वाकडी आहे, पण त्याचीच. क्लॅरिनेट मिळाली. पत्ती बदलावी लागेल.