चाकोरीत मावणारे टायर

चिंचवड, मंगळवार, ऑगस्ट १९५७

तीनचाकी फटफटीचे मागचे टायर आज घ्यायचेच होते, आणि मी रिकाम्या हातांनी परतलो. सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, महाळुंग्याला आहे. मूल आडवे आहे, असे सुईण म्हणते. कळा सुरू होण्याआधी तिला फटफटीतून इथल्या दवाखान्यात आणायचे आहे.

टायर रुंद घ्यावेत की अरुंद? टायरवाला म्हणतो, "अरुंद चिखलात रुततील, साहेब." मेहुणा दत्तू म्हणतो, "दाजी, आमच्या वाटंला बैलगाडीची चाकोरी हाय. रुंद टायर तिच्यात मावायचं न्हाई. एक चाक वर, एक खाली चालंल." दोघांचेही पटते. धक्के कशाने कमी बसतील? पुन्हा ती चाकोरीच डोळ्यांपुढे येते. वर्तमानपत्राला मजकूर मी कधी उशिरा दिला नाही, आणि इथे दोन टायर ठरत नाहीत.

गावी परत निघताना दत्तूने सुमनचा निरोप सांगितला. "अक्का म्हनली, तुमचं टायर ठरंस्तोवर मी बैलगाडीत पेंढा घालून पोचते."

खरेच, चाकोरी बैलगाडीचीच आहे. पण धक्के तर गाडीतही बसतील. की बसणार नाहीत? काही कळत नाही. पहाटे सायकलने जातो आणि बैल जुंपायला सांगतो. येताना तिच्या शेजारी बसेन, एवढेच ठरले.