कमरेचा स्टेटस हिरवा

१२ जून २०२३
ऑपरेशनला तीन महिने झाले. कमरेत चार स्क्रू, दोन दांड्या. आज हॉस्पिटलच्या फॉलो-अप विभागातून नागराज यांचा फोन. दोन वर्षं अधूनमधून फोन करून विचारणार, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. हिशेब केला. उठताना सहा, मीटिंगमध्ये पाच, झोपेत शून्य. आठ तास झोप धरून सरासरी साडेतीन. (आठ तास झोप होत नाही, पण धरायला काय जातं.) तीन सांगितलं. वीस वर्षं आयटीत प्रोजेक्टची डिलिव्हरी सांभाळतोय. स्टेटस लाल दाखवला की रोज रिव्ह्यू. हिरवा दाखवला की कोणी विचारत नाही.

१३ जून
उद्यापासून फिजिओ धनलक्ष्मी मॅडमनी दिलेले व्यायाम, दोन वेळा. नियम म्हणजे नियम.

२१ जून
रिलीजचा आठवडा. व्यायाम सोमवारपासून. सुरुवात सोमवारीच बरी.

४ सप्टेंबर
नागराज. सहा महिन्यांचा फोन. व्यायाम करता का? नियमित, म्हटलं. विचार नियमित करतोच. दुखणं दोन. शुभदा समोर भाजी निवडत ऐकत होती. जुडी उगाच जोरात आपटली. बायकोचा नवऱ्यापेक्षा एमआरआयवर जास्त विश्वास.

१९ नोव्हेंबर
डावी चप्पल पायातून निसटते. आज लिफ्टपाशी गेल्यावर कळलं की ती दारातच राहिली. हल्ली चपला धड बनवतच नाहीत. नवी घेतली.

७ डिसेंबर
नवीही निसटते. पट्ट्याची आणली. शुभदा म्हणते, डॉक्टरांना दाखवू. चपलेसाठी स्पाइन सर्जनकडे जायचं, हे तिलाच सुचू जाणे.

२२ जानेवारी २०२४
मोठी बातमी. कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ गेली, पूर्ण गेली. ऑफिसात पेढे वाटले. शुभदाला म्हटलं, बघ. तर म्हणे, डावा पंजा वर उचलून दाखवा. मी काय सर्कशीत आहे? दाखवला नाही.

४ मार्च
वर्ष झालं. नागराजना शून्य सांगितलं. या वेळी अगदी खरं, सरासरी न काढता. पायात अशक्तपणा? नाही. ‘सरी सर,’ म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे’. खूश वाटले.

१६ मे
सोसायटीच्या जिन्यावर पडलो. ओठ फुटला. पायऱ्या एका उंचीच्या नाहीत, कमिटीला मेल करणार. गेटवरचे देवाप्पा उचलायला आले. म्हणाले, सर, तुम्ही एक पाय स्वल्प घासत चालता, किती महिने बघतोय. त्यांना चष्मा लागला असावा.

२७ मे
शुभदाने न विचारता अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर म्हणाले, पंजा वर उचला. मी उचलला. तो उचलला गेला नाही.

कधीपासून, विचारलं. दोन-तीन आठवडे, म्हटलं. शुभदा म्हणाली, नोव्हेंबरपासून. त्यांनी नोव्हेंबर लिहिलं. मग कॉम्प्युटरवर माझे फोनवरचे आकडे काढले. तीन, दोन, शून्य. अशक्तपणा नाही.

आजच्या एमआरआयमध्ये स्क्रूंच्या शेजारची मणक्यातली चकती सरकून नस दाबलेली दिसते. कळ गेली ती बरं झाल्यामुळे नाही, नस मरत होती म्हणून. तेव्हाच आला असतात तर लगेच ऑपरेशन करून पाय बहुधा वाचवता आला असता, म्हणाले. आता फार आशा नाही.

परत येताना हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. शुभदा रडत होती.

१० जून
बुटात घालायचा, पंजा उचलून धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट मिळाला. इथे ‘टेम्पररी’ लिहिणार होतो. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत.

३ मार्च २०२५
दोन वर्षांचा फोन. नागराजनी विचारलं, दुखणं किती. आकडा न सांगता सगळं सांगून टाकलं. पंजा लोंबतो, स्प्लिंटशिवाय बाथरूमपर्यंत जाता येत नाही, जिना दिसला की भीती वाटते. आधी तुमच्याशी खोटं बोललो, हेही सांगितलं. पंधरा मिनिटं तरी बोललो असेन. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग हळूच म्हणाले, सर, फॉर्मवर दुखण्याला एका आकड्याचीच जागा आहे.

शून्य, म्हटलं. दुखत तर नाहीच.

त्यांनी आभार मानले. दोन वर्षं झाली, फाइल आज बंद होते, म्हणाले. आता फोन येणार नाही.