काका, तुमच्यासमोरचा तो नट

तीर्थरूप मोठ्या काकांस, टकळीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, महिनाभर कॅमेऱ्याचं बोचकं वाहून पाठ माझं ऐकेनाशी झाली आहे.) तुमची प्रकृती कशी आहे, चष्म्याचा नवा नंबर मानवला का, काकू तुम्हाला दुपारी दुकानातच आडवं होऊ देतात की अजून घरी बोलावतात, हे सगळं रीतीप्रमाणे आणि मनापासून विचारते आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई माझ्यावर रागावलेली आहे, पण तेही बऱ्यातच धरायचं.

मला तुमची माफी मागायची आहे. समोर येऊन मागितली असती, पण तुम्ही समोर असलात की मी विषय बदलते. मागे कॉलेजच्या फिल्मसाठी म्हणून मी दुकानात आले, तुम्हाला टेबलाशी बसवलं आणि समोरच्या स्टुलावर पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा डबा ठेवून त्याच्याकडे बघत "आलास?" एवढंच म्हणायला लावलं. तुम्ही बिचारे अकरा वेळा म्हणालात, आणि दर वेळी डब्याबद्दल थोडी जास्तच आपुलकी दाखवलीत. समोर कोण असणार असं विचारलंत, तेव्हा मी म्हणाले, एक नट आहे, त्याचं नंतर घेऊ. तो नट म्हणजे बाबा. (इथे पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेवा, पण घोटभर पाणी पिऊन परत उचला.)

आम्हाला काम दिलं होतं ते इतकंच: एक माणूस दार उघडून आत येतो, दुसऱ्यासमोर बसतो, दोघं एकेक शब्द बोलतात, कप उचलतात, संपलं. तुकडे वेगवेगळे घ्यायचे, पण बघणाऱ्याला सलग वाटलं पाहिजे, कुठे जोडलंय ते दिसता कामा नये. तुम्ही सुटे फर्मे शिवून पुस्तक करता तसंच. (तुम्हाला हे कोणाला शिकवावं लागलं नाही, आमच्या सरांना मला समजवायला तीन तास लागले.) मग माझ्या डोक्यात आलं की तुकडे वेगळेच घ्यायचे असतील तर माणसं एका खोलीत असायची गरजच नाही. आणि एका खोलीत न येणारी दोन माणसं आपल्या घरात तयारच होती, सहा वर्षांच्या तालमीसकट. तुमच्या पाठीमागे टांगलेला निळा पडदा आमच्या बाहेरच्या खोलीतला होता. तुम्ही ओळखला नाहीत, की ओळखून गप्प राहिलात, हे मला अजून कळलेलं नाही.

बाबांनाही मी नटाचीच थाप मारली आणि समोरच्या खुर्चीत उशी उभी केली. त्यांना फक्त "आलो" म्हणायचं होतं, पण ते दर वेळी सबब जोडायचे. आलो, जरा उशीर झाला. आलो, बस चुकली. ते निस्तरेपर्यंत संध्याकाळ झाली. दार उघडण्याचा तुकडा सोमवारी घेतला, बसण्याचा बुधवारी, आणि मधल्या मंगळवारी आईने त्यांना दाढी करायला पाठवलं. म्हणजे माणूस दारातून खुंट वाढवून येतो आणि चार पावलांवरच्या खुर्चीत गुळगुळीत होऊन बसतो. ती दाढी परत वाढेपर्यंत आठवडा थांबले. (आईचा राग तो हाच.) याहून मोठा घोटाळा पुढेच होता. समोरासमोर बसलेल्या दोघांमधून एक रेषा गेली आहे असं धरायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, असा नियम आहे. मी तुमच्या वेळी अलीकडे ठेवला आणि बाबांच्या वेळी पलीकडे. त्यामुळे पडद्यावर तुम्ही उजवीकडे बघून "आलास?" म्हणता, आणि बाबाही उजवीकडेच बघून "आलो" म्हणतात. वर्ग खदाखदा हसला. मला हसू आलं नाही, कारण आत्याच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तुम्ही दोघं दिवसभर असेच बसला होतात. बाबांचं सगळं परत घेतलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी दुकानात होते, कोपऱ्यात लेबलं चिकटवत. गिऱ्हाईक समोर उभं होतं, बाबा पुठ्ठा कापत होते, त्यांचा हात थरथरत होता, आणि तुम्ही सुरी काढून घेतलीत. "राहू दे, तुला आता जमणार नाही," म्हणालात. बाबा उठले, चपला घातल्या, आणि तेव्हापासून घरीच वह्या शिवतात. तुम्ही सुरी घेतलीत यात चूक नव्हती. बोट गेलं असतं. पण ते वाक्य चारचौघांत नको होतं, काका. फिल्ममध्ये कप उचलणारा हात तुमचा आहे आणि खाली ठेवणारा बाबांचा. (तुमचा ठेवण्याचा तुकडा माझ्याकडून धूसर आला होता.) आमच्या सरांना केसाएवढी चूक दिसते. ते दोनदा बघून म्हणाले, या माणसाचा हात थरथरतो ते दोन्ही तुकड्यांत छान जुळलंय. त्यांना तो एकच हात वाटला. रागावू नका, पण तुमचाही थरथरतो आता. तुम्हाला ते माहीत असणारच. बाबांना माहीत नव्हतं.

बाबांना फिल्म दाखवली तेव्हा आई सावधगिरी म्हणून दारातच उभी राहिली. ते नुसतं परत लाव म्हणाले. चौथ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दादाच्या हाताला हे कधीपासून?" मला लाज वाटली, कारण तुमच्या हातावर तासभर कॅमेरा लावून मी फक्त उजेड बघत होते.

काकूंना नमस्कार सांगा. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची,
टकळी

ता. क. एक अडचण आहे. दोघं एकत्र दिसतील असा एक तरी तुकडा हवाच, नाहीतर खोली एकच आहे हे पटत नाही, असं सर म्हणतात. रविवारी चार वाजता आमच्याकडे याल का? बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं.

ता. क. २ बाबांच्या कानावर घातलंय. दादाला जमत असेल तर बघ, म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकायला घेतला.

ता. क. ३ खोटं लिहून पाकीट बंद करवेना. फिल्म गेल्या शुक्रवारीच देऊन झाली, मार्कही मिळाले. सरांना कुठलाही तुकडा नको आहे आणि कॅमेरा कॉलेजात परत गेला. बाबांना हे सगळं माहीत आहे. तरी चार म्हणजे चारच ना, असं त्यांनी आज दोनदा विचारलं.